कोण जिंकलं ते नंतर, आधी मशीन सांगा

सांगलीत वाढलेल्या माणसाला बुद्धिबळाच्या स्पर्धा म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांचं नूतन बुद्धिबळ मंडळ इथलं, बुद्धिबळपटू स्वाती घाटे इथल्या, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत बाहेरगावची पोरं आईबापांसकट, पिशव्यांसकट स्पर्धेला उतरलेली बघतच आम्ही मोठे झालो. या स्पर्धांमध्ये एक गोष्ट कुणी शिकवत नाही, ती आपोआप अंगात मुरते, ती म्हणजे दोघांना सारखंच मिळायला पाहिजे. सारखा वेळ, तेच घड्याळ, आणि खिडकीतनं एकाच्याच डोळ्यावर ऊन येत असेल तर आर्बिटरनं टेबल सरकवायचं.

मी गेली बरीच वर्षं घरी इंजिनांच्या स्पर्धा लावतो. म्हणजे स्टॉकफिश, लीला, कोमोडो असले बुद्धिबळाचे प्रोग्रॅम एकमेकांशी खेळवायचे, रात्रभर डाव चालू ठेवायचे आणि सकाळी चहा घेत निकाल बघायचा. या नादातनं एक मत पक्कं झालंय आणि तेच आज सविस्तर लिहायचंय, कारण फोनवर आणि ग्रुपवर तुकड्यातुकड्यात सांगून ते कुणाला नीट पटत नाही. मत असं की इंजिन कधी एकटं खेळत नाही. ते खेळतं प्रोसेसरसकट, रॅमसकट, सेटिंगसकट, आणि निकाल लागतो तो या सगळ्या गठ्ठ्याचा. आपण मात्र निकालात फक्त नाव लिहितो. 'अमक्यानं तमक्याला हरवलं' एवढंच लिहिलेलं वाक्य मला अर्धवट वाटतं, आणि ज्यांनी रात्र रात्र जागून ते प्रोग्रॅम लिहिलेत त्यांच्यावर तो अन्यायच आहे.

आधी वेगाचं बघू. स्टॉकफिशसारखं इंजिन चालींचं झाड खणत जातं, मी हे केलं तर तो ते करेल, मग मी असं, मग तो तसं, आणि सेकंदाला जितक्या जास्त स्थिती बघून होतील तितकं ते खोल जातं. जितकं खोल तितकी चाल चांगली. जुना ठोकताळा असा आहे की वेग दुप्पट झाला की साधारण ५० ते ७० एलो, म्हणजे बुद्धिबळातल्या रेटिंगचे गुण, वाढतात, आणि विचाराला वेळ भरपूर असेल तर हा फायदा हळूहळू कमी होत जातो. आता ७० एलो म्हणजे किती, तर १०० डावांत साठ-चाळीस. म्हणजे तोच प्रोग्रॅम, अक्षरही न बदललेला, एकदा नव्या मशीनवर आणि एकदा निम्म्या वेगाच्या जुन्या मशीनवर बसवून एकमेकांशी खेळवला तर साठ-चाळीस लागू शकतं. तेच निकालपत्र जर कुणाला नावं बदलून दाखवलं तर तो म्हणेल की अरे, नवीन व्हर्जन काय जबरदस्त निघालंय!

स्वीडनमधल्या एसएसडीएफच्या लोकांचा मला म्हणूनच आदर वाटतो. १९८४ पासनं ते कॉम्प्युटर बुद्धिबळाची रेटिंग यादी काढतायत आणि त्यात प्रोग्रॅमच्या नावाशेजारीच मशीन लिहिलेलं असतं. तोच प्रोग्रॅम दोन मशीनवर खेळला तर यादीत दोन ओळी. किती साधी गोष्ट आहे, पण त्यामुळं प्रोग्रॅम किती सुधारला आणि मशीन किती सुधारलं हे वेगळं वाचता येतं.

जागतिक स्पर्धेत हे कधीच सोपं नव्हतं. पहिली जागतिक कॉम्प्युटर बुद्धिबळ स्पर्धा १९७४ ला स्टॉकहोमला झाली, सोव्हिएत संघाचा काइसा जिंकला, आणि तेव्हा मशीनं खोलीएवढी असल्यामुळं ती आपापल्या गावीच राहायची आणि चाली फोनवरनं सांगायच्या. ज्याला जे मशीन मिळेल ते त्यानं वापरायचं, हाच नियम. १९८३ आणि १९८६ ला क्रे ब्लिट्झ जिंकला तो क्रेच्या सुपरकॉम्प्युटरवर. आता कुणी म्हणेल की मग जास्त पैसेवाला जिंकणारच, पण तसंही सरळ नाही, कारण १९९५ ला हाँगकाँगमध्ये फ्रिट्झ नावाच्या प्रोग्रॅमनं साध्या ९० मेगाहर्ट्झच्या पेंटियमवर आयबीएमच्या डीप ब्लूच्या आधीच्या रूपाला हरवलं आणि अजिंक्यपदही घेतलं. मला ही गोष्ट फार आवडते, सांगताना अजून अंगावर काटा येतो. पण त्यावरनं 'मशीनला किंमत नाही' असा निष्कर्ष काढणारे भेटतात तेव्हा त्यांना आठवण करून द्यावी लागते की तो एक डाव होता, आणि दोनच वर्षांनी, १९९७ च्या मे महिन्यात, त्याच आयबीएमच्या टीमनं ४८० खास चिप बसवलेलं, सेकंदाला २० कोटी स्थिती बघणारं मशीन न्यूयॉर्कला आणलं आणि तेव्हाच्या जगज्जेत्या कास्पारोव्हला ३.५–२.५ नं हरवलं.

२००८ ला बीजिंगला रिब्का नावाचा प्रोग्रॅम ४० कोअरच्या क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या कॉम्प्युटरवर, खेळून जिंकला (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा एकेक भाग) आणि मग चर्चा इतकी पेटली की २००९ ला पाम्प्लोनाला ८ कोअरची मर्यादा घातली. (रिब्काची ती पदकं पुढं २०११ ला दुसऱ्यांचा कोड वापरल्याच्या कारणावरनं काढून घेतली, तो विषय वेगळा आहे आणि मोठा आहे.) २०१० पासनं सगळ्यांना एकसारख्या मशीनवर खेळवायची वेगळी सॉफ्टवेअर स्पर्धाच सुरू झाली. मला विचाराल तर दोन्ही प्रकार पाहिजेत. अख्खं मशीन बांधून आणणाऱ्याची मेहनत खोटी नाही, त्यालाही मैदान मिळालं पाहिजे, फक्त त्या मैदानावरचा निकाल घेऊन कुणाचा प्रोग्रॅम हुशार हे ठरवायला जाऊ नये.

आता आमच्या गल्लीतलं सांगतो. शेजारचा पोरगा इंजिनिअरिंगला आहे, त्यानं गेमिंग लॅपटॉप घेतला, ग्राफिक्स कार्डवाला, आणि एक दिवस जिन्यावरनंच ओरडत आला, "काका, लीलानं स्टॉकफिशला मारलं की! सहा-चार!" मी म्हटलं, "ये बस, आधी सेटिंग दाखव."

त्यानं लॅपटॉप उघडला. लीला ग्राफिक्स कार्डवर चाललेली, पूर्ण कार्ड तिच्या ताब्यात. आणि स्टॉकफिशच्या खिडकीत थ्रेड १, हॅश १६. म्हणजे डाउनलोड केल्यावर जसं येतं तसंच, कुणी हात न लावलेलं. त्याच्या लॅपटॉपला ८ कोअर, त्यातले ७ नुसते बसून होते. त्याचा यात काही दोष नाही, प्रोग्रॅम असाच येतो, कारण कुणाच्या घरी कसलं मशीन असेल हे लिहिणाऱ्याला माहीत नसतं म्हणून तो सगळ्यात कमी धरून देतो. पण स्पर्धा लावायची तर ते आकडे आपणच बदलायचे असतात आणि हे कुठंही ठळक अक्षरात लिहिलेलं नसतं.

थ्रेडचं लगेच कळतं, एक माणूस काम करतोय का आठ. हॅशचं जरा समजावून सांगावं लागतं, मी त्यालाही कागदावर काढून दाखवलं. बुद्धिबळात तीच स्थिती वेगवेगळ्या क्रमानं येऊ शकते, आधी घोडा मग उंट किंवा आधी उंट मग घोडा, पट शेवटी सारखाच. तर एकदा बघितलेली स्थिती पुन्हा खणायला लागू नये म्हणून इंजिन तिची नोंद रॅममध्ये एका टेबलात ठेवतं, त्या टेबलाला हॅश म्हणतात. स्टॉकफिशमध्ये ३२ बाइटच्या कप्प्यात ३ नोंदी बसतात, म्हणजे १६ एमबीत साधारण १५ लाख. आजकालचा एक कोअरसुद्धा सेकंदाला लाखांत स्थिती बघतो, तर ते टेबल काही सेकंदांत भरतं आणि मग नव्या नोंदी जुन्या नोंदींवर लिहिल्या जातात. एक मिनिटाच्या झटपट डावाला एवढी जागा पुरते. पण डाव तासाभराचा असेल, थ्रेड आठ असतील आणि हॅश तीच १६ राहिली असेल तर इंजिन आत्ताच केलेलं काम विसरून पुन्हा पुन्हा तेच खणत बसतं. स्क्रीनवर काही चुकलंय असं अजिबात दिसत नाही. चाली येत राहतात, आकडे पळत राहतात, फक्त खेळ थोडा कमी दर्जाचा होतो आणि तो तसा झालाय हे कुणालाच कळत नाही. सेटिंगच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त हेच टोचतं, की बिघाड आवाज करत नाही.

याच हॅशवरनं जगभर मोठा वाद झालेला आहे. डिसेंबर २०१७ ला गूगलच्या डीपमाइंड कंपनीनं जाहीर केलं की त्यांच्या अल्फाझीरो या प्रोग्रॅमनं स्टॉकफिश ८ ला १०० डावांत २८ विजय, ७२ बरोबऱ्या आणि शून्य पराभव असं हरवलं. म्हणजे ६४–३६. पेपरात आलं, टीव्हीवर आलं, की कॉम्प्युटर स्वतःशीच काही तास खेळला आणि सगळ्यांचा बाप झाला. डाव खरोखर सुंदर होते, प्यादी फेकून देऊन समोरच्याचा उंट आयुष्यभर कोपऱ्यात कोंडायचा असला खेळ मी इंजिनाकडनं त्याआधी बघितलाच नव्हता. पण अटी वाचल्या आणि आमच्यासारख्यांच्या कपाळाला आठी पडली. स्टॉकफिशला ६४ थ्रेड आणि हॅश फक्त १ जीबी. प्रत्येक चालीला ठोक १ मिनिट, दोघांनाही. ओपनिंग बुक, म्हणजे सुरुवातीच्या तयार चालींचा साठा, नाही, आणि एंडगेमचे टेबलबेस, म्हणजे थोड्या सोंगट्या उरल्यावरची आधीच काढून ठेवलेली उत्तरं, तेही नाहीत.

हिशोब करून बघा. त्या मशीनवर स्टॉकफिश सेकंदाला ७ कोटी स्थिती बघत होता, म्हणजे एका मिनिटात ४२० कोटी. आणि १ जीबीत नोंदी मावतात साधारण १० कोटी. सगळ्याच स्थितींची नोंद ठेवायची असते असं नाही, त्यातल्या कितीतरी पुन्हा पुन्हा येणाऱ्या असतात, तरी गर्दी किती झाली असेल बघा. शिवाय ठोक एक मिनिटाची अट. इंजिनात वेळ वाटायचा स्वतंत्र कोड असतो, सोप्या चालीला दोन सेकंद, जिथं डाव फिरतोय असं वाटेल तिथं पाच मिनिटं, आणि हा कोड सुधारायला लोकांनी वर्षं घातलीयत, तो पूर्ण बाजूला ठेवला गेला. स्टॉकफिशच्या मूळ लेखकांपैकी टॉर्ड रोमस्टाड यांनी तेव्हाच हेच मुद्दे मांडले होते.

मग डिसेंबर २०१८ ला 'सायन्स' मासिकात त्यांचा पूर्ण निबंध आला आणि त्यात त्यांनी अटी सुधारल्या, हे मला मनापासनं आवडलं. ४४ कोअर, ३२ जीबी हॅश, टेबलबेस दिलेले, आणि वेळ ३ तास अधिक चालीला १५ सेकंद, म्हणजे इंजिनाला स्वतःचा वेळ स्वतः वाटायची मुभा. १००० डाव खेळवले, अल्फाझीरोचे १५५ विजय, ६ पराभव, ८३९ बरोबऱ्या. टक्केवारी काढली तर ५७.४५. आधीची ६४. एलोत मांडलं तर पहिल्या निकालात फरक साधारण १०० आणि दुसऱ्यात साधारण ५२. म्हणजे तोच स्टॉकफिश ८, आणि अंतर जवळजवळ निम्म्यावर आलं. सगळा फरक सेटिंगचाच असं मी म्हणणार नाही, पहिल्या वेळचे डाव फक्त १०० होते, आणि अल्फाझीरोही अगदी तसाच्या तसा होता असं धरता येत नाही. अल्फाझीरो वरचढ होता यातही मला शंका नाही, त्यांनी त्याला दहावा हिस्सा वेळ देऊनसुद्धा तो पुढं राहिला हे त्याच निबंधात आहे. पण 'वरचढ आहे' आणि 'किती वरचढ आहे' हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दुसऱ्याचं उत्तर अटी बदलल्या की बदलतं. जगभर गाजला तो पहिला आकडा, दुसरा फारसा कुणी वाचलाच नाही, आणि याचं मला अजून वाईट वाटतं.

पुन्हा सांगलीकडं येऊ, कारण सेटिंग नीट लावून झाली तरी हवामान राहतंच. एप्रिल-मे मध्ये दुपारी दोन वाजता वरच्या मजल्यावरची खोली काय तापते ते इथल्या माणसाला सांगायला नको. मी डाव चालू असताना एका कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान आणि सेकंदाला किती नोड्स, म्हणजे स्थिती, बघून होतात ते दोन आकडे कायम उघडे ठेवतो. पहाटे पाचला जो वेग असतो तो दुपारी राहत नाही. पंखा पूर्ण जोरात, केसचं झाकण काढलेलं, तरी प्रोसेसर नव्वदच्या घरात गेला की स्वतःच स्वतःचा वेग उतरवतो, जळू नये म्हणून. डेस्कटॉपचं थोडक्यावर भागतं. लॅपटॉपचं मात्र फार वेगळं असतं, विशेषतः त्या पोराच्यासारखा ग्राफिक्सवाला लॅपटॉप. त्यात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघांची उष्णता बाहेर काढणाऱ्या नळ्या बऱ्याचदा एकच असतात. एका इंजिनानं कार्ड तापवून ठेवलं की त्याच्या मागनं प्रोसेसरवर विचार करायला येणाऱ्या इंजिनाला तापलेलंच घर मिळतं! दोघं एका वेळी विचार करत नसले तरी गरमी तिथंच असते. हे कुठल्या निकालपत्रात लिहिलेलं मी तरी बघितलेलं नाही.

आणि मग लाईट जाते. डेस्कटॉप यूपीएसवर राहतो, त्याच्या वेगात काही फरक नाही. लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि त्याच क्षणी त्याचा वेग कोसळतो, कारण बॅटरी वाचवायची ही त्याची स्वतःची सेटिंग आतनं लागू होते. दोन मशीनं नेटवर्कनं जोडून एकावर एक इंजिन आणि दुसऱ्यावर दुसरं असा सामना लावला असेल तर त्या अर्ध्या तासातले डाव एकाच्या पायात बेडी घालून खेळल्यासारखे असतात. सकाळी निकालाकडं बघून काहीच कळत नाही, पण डावाच्या फाइलमध्ये प्रत्येक चालीशेजारी खोली (इंजिन किती चाली पुढपर्यंत खोल गेलं ते) आणि वेळ लिहून यायची सोय चालू ठेवली असेल तर ते उघडं पडतं. बराच वेळ खोली २८, ३०, २९ अशी चाललेली असते आणि मधेच २३, २२, २३. अशा पट्ट्यातले डाव मी काढून टाकतो, मग त्यात माझं आवडतं इंजिन जिंकलेलं असलं तरी.

बाकी बारीकसारीक बऱ्याच गोष्टी आहेत. पॉन्डर म्हणजे समोरच्याच्या वेळात आपण विचार करत बसायचं, माणूस करतोच, पण एकाच मशीनवर दोन्ही इंजिनं असतील आणि पॉन्डर चालू असेल तर दोघं एकाच वेळी त्याच कोअरसाठी झगडतात, म्हणून सीसीआरएलसारख्या रेटिंग याद्या तो बंद ठेवूनच खेळवतात. मग बिल्डचा प्रश्न. स्टॉकफिशची एकाच व्हर्जनची वेगवेगळ्या प्रोसेसरसाठी वेगवेगळी फाइल मिळते, आणि नाव मोठं म्हणजे वेग जास्त असं काही नसतं. एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या सुरुवातीच्या पिढ्यांत, झेनपासनं झेन २ पर्यंत, नावात बीएमआय२ असलेल्या फाइलला लागणारी एक सूचना फार हळू चालते, तिथं एव्हीएक्स२ वाली फाइल चांगली. दहा सेकंदांचा बेंच, म्हणजे वेग मोजायची चाचणी, दोन्ही फाइलींवर चालवला की समजतं, पण तेवढे दहा सेकंद द्यायला पाहिजेत.

ओपनिंगचं वजन मात्र लोकांना वाटतं त्याहून फार जास्त आहे. आजची वरची इंजिनं मोकळ्या पटावरनं सुरू केली तर डाव बरोबरीत सुटत राहतात, कितीही डाव घाला. म्हणून टीसीईसी या इंजिनांच्या मोठ्या ऑनलाइन स्पर्धेच्या सुपरफायनलला ५० ओपनिंग आधीच ठरवून देतात आणि प्रत्येक ओपनिंग दोनदा, रंग बदलून खेळवतात, असे १०० डाव. ओपनिंग अशी निवडायची की एका बाजूला थोडं जड असलं पाहिजे, जिंकता येईल इतपत, पण हातातच पडेल इतकं नाही. ही निवड करणं फार कसबाचं काम आहे. तीच दोन इंजिनं, तेच मशीन, पण मवाळ ओपनिंग दिल्या तर फरक दिसतच नाही आणि तिखट दिल्या तर ताणून मोठा दिसतो. टेबलबेसचंही थोडं तसंच, सहा सोंगट्यांपर्यंतचे सिझिजी टेबलबेस साधारण १५० जीबीत बसतात, सात सोंगट्यांचे मात्र १८ टेराबाइटच्या पुढं जातात, म्हणजे घरी कुणाकडं सहाचे असतात, कुणाकडं पाचचे, आणि ज्याच्याकडं हळू हार्डडिस्क आहे त्याला तर टेबलबेस बघण्यातच वेळ जाऊन उलटा तोटा होतो.

आता डावांची संख्या. पोराचे दहा डाव, सहा-चार. मी त्याला सांगितलं की दहा डावांत सहा-चार म्हणजे अजून काहीच झालेलं नाही. त्याला पटेना, "काका, दोन गुणांनी जिंकलीय न्हवं!" मग पुन्हा कागद घेतला. १०० डाव खेळवले, त्यातले साठेक बरोबरीत सुटले असं धरलं, तरी ९५ टक्के खात्रीनं बोलायचं तर एलोत चाळीसेक इकडं किंवा चाळीसेक तिकडं एवढी चूक पोटात धरावी लागते. बरोबऱ्या कमी असतील तर सत्तरपर्यंत. दहा डावांत तर विचारूच नका. स्टॉकफिशची मंडळी २०१३ पासनं फिशटेस्टवर जगभरच्या लोकांचे कॉम्प्युटर जोडून एकेका छोट्या बदलासाठी हजारो, कधी कधी लाखांत डाव खेळवतात, ते काही हौस म्हणून नव्हे. शिवाय एकापेक्षा जास्त थ्रेडवर इंजिन चाललं की तीच स्थिती, तोच वेळ दिला तरी दरवेळी तीच चाल येईल असं नसतं, कारण कुठला थ्रेड आधी हॅशमध्ये लिहितो हे दरवेळी वेगळं असतं. तेव्हा एखादा गाजलेला डाव पुन्हा खेळवून दाखवा म्हटलं तर तो तसाच होईल याची हमी कुणीच देऊ शकत नाही.

आम्ही सामना पुन्हा लावला. स्टॉकफिशला ८ थ्रेड, २ जीबी हॅश, ओपनिंग दोन्ही रंगांनी, लॅपटॉप अ‍ॅडॉप्टरवर, खाली कुलिंग पॅड, आणि रात्री दहानंतरच. डाव वाढत गेले तसा काटा स्टॉकफिशकडं झुकला आणि झुकलेलाच राहिला. पोरगा खट्टू झाला. पण मग त्यानं जो प्रश्न विचारला तो या सगळ्या विषयातला खरा अवघड प्रश्न आहे, आणि त्याचं पक्कं उत्तर माझ्याकडं नाही, जगात कुणाकडं असेल असंही वाटत नाही. तो म्हणाला, "आता तुम्ही त्याला आठही कोअर दिले, पण माझं कार्ड तर साधंच आहे की. मोठ्या कार्डवर लीला जिंकली असती. मग सारखं म्हणजे काय?"

तांबड्या मातीत तयार झालेला पैलवान आणि मॅटवरचा पैलवान यांची कुस्ती लावायची तर आखाडा कुठला घ्यायचा, तसलं हे आहे. स्टॉकफिश साध्या प्रोसेसरवर पळतो, लीला ग्राफिक्स कार्डवर, आणि दोघांना सारखं पडेल असं एक मशीनच अस्तित्वात नाही. लीलाच्या लोकांनी एक माप काढलं होतं, अल्फाझीरोच्या पहिल्या सामन्यात स्टॉकफिश सेकंदाला ७ कोटी आणि अल्फाझीरो ८० हजार स्थिती बघत होते, म्हणजे ८७५ ला १, तर एवढं प्रमाण जुळलं की सामना बरोबरीच्या साधनांवर झाला असं धरायचं. डोकं चांगलं लावलेलं होतं. पण सप्टेंबर २०२० ला स्टॉकफिश १२ मध्येच न्यूरल नेटवर्क आलं, साध्या प्रोसेसरवर चालणारं, त्याचा सेकंदाचा वेग उतरला आणि ताकद मात्र वाढली, आणि ते माप तिथंच निकामी झालं. २०१९ च्या सुरुवातीला टीसीईसीच्या चौदाव्या सीझनला स्टॉकफिशनं लीलाला ५०.५–४९.५ असं हरवलं होतं, आणि लगेच पुढच्या सीझनला लीला ५३.५–४६.५ नं जिंकली. पहिल्या वेळी एका गुणानं अजिंक्यपद गेलं. कार्ड थोडं वरचं असतं, किंवा एखादी ओपनिंग वेगळी असती, तर नाव दुसरं लागलं असतं, आणि तसं लागलं असतं तरी तेही तितकंच खरं मानावं लागलं असतं.

मी स्वतः वॅट धरतो. सॉकेटला लावायचं छोटं मीटर मिळतं, ते लावून ज्या इंजिनाची पाळी असेल तेव्हा अख्खं मशीन किती वीज ओढतं ते बघायचं आणि दोघांची वीज जवळपास सारखी येईल असे थ्रेड आणि कार्डाची मर्यादा ठरवायची. वीज हे असं माप आहे की त्यात चिप कुठल्या जातीची हा प्रश्न येत नाही, आणि गरमीचा हिशोबही त्यातच येऊन जातो. पोराला हे मान्य नाही. तो म्हणतो किंमत धरा, कारण माणूस दुकानात जाऊन वॅट विकत घेत नाही, मशीन घेतो, आणि जेवढे पैसे प्रोसेसरला तेवढेच कार्डाला लावून मग खेळवा. मी म्हटलं, किमती दर सहा महिन्यांनी बदलतात, मग गेल्या वर्षीचा निकाल या वर्षी खोटा ठरवायचा का? तो म्हणाला, तेवढ्याच विजेत जास्त काम करणाऱ्या चिपाही दर वर्षी निघतातच की. हे खरं आहे, आणि याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

म्हणून सध्या दोन्ही लावलेत, माझ्या डेस्कटॉपवर वॅटवाला सामना, त्याच्याकडं किमतीवाला, तीच ५० ओपनिंग, तोच वेळ, आणि दोन्ही निकालांच्या वरती पहिल्याच ओळीत प्रोसेसर, कार्ड, थ्रेड, हॅश, बिल्ड, टेबलबेस आणि खोलीचं तापमान.